नदीकाठी दहा एचपी, शेतात दोन

फेब्रुवारीच्या अखेरीस तात्यांचा फोन आला तेव्हा निर्णय होऊन गेलेला होता. नदीवरच्या पंपाची दहा एचपीची मोटर काढायची आणि पंधराची बसवायची. कंपनी कोणती घ्यावी, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. "मोटर दमली सर आता. एकदा येऊन धार बघा, तुमालाच दया येईल."

कंपनीचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण पंधराची मोटर म्हणजे नवा स्टार्टर, नवी केबल, वाढीव भाराचा अर्ज. एवढ्या खर्चाआधी एक दिवस मोजमापात गेला तर बिघडत नाही, म्हणून गेलो.

गाव सांगली जिल्ह्यातलं, अगदी कृष्णेच्या काठचं. भावकीतल्या चौघांची भागातली मोटर, बारा एकर ऊस. काठावर पत्र्याच्या खोलीत पंप, तिथून बांधाच्या कडेनं जमिनीखालून ९०० मीटर तीन इंची पीव्हीसी नळ, आणि शेताच्या उंच कोपऱ्यात हौद. हौदात नळाचं तोंड तळातून वर काढलेलं. पाणी उसळून पडतं आणि पाटानं उसाला जातं. थ्री फेज दिवसाला आठ तास. एका पाळीला बारा एकर भिजायला तेरा दिवस लागत होते आणि उन्हाळा अजून यायचा होता.

हौदाशी पोचलो तेव्हा चौघांतले थोरले आबा काठावर बसले होते. ते धारेकडं बोट करून म्हणाले, "ह्यात काय जोर हाय काय?"

धारेचा जोर हे फसवं प्रकरण आहे. नळाच्या तोंडाशी पाणी सेकंदाला दीड-पावणेदोन मीटर वेगानं बाहेर पडत होतं. वाहत्या पाण्याची शक्ती काढायची तर सेकंदाला येणाऱ्या वस्तुमानाला वेगाच्या वर्गानं गुणायचं आणि निम्मं करायचं. नंतर मोजलेले आकडे इथं घातले, ९ किलो आणि १.६६ मीटर, तर उत्तर येतं जेमतेम १२ वॅट. घरातल्या एका एलईडी दिव्याइतकं. दहा एचपी खाणाऱ्या पंपाच्या टोकाला धारेचा म्हणून जो काही जोर असतो, तो एवढाच. रिड्यूसर लावून तोंड अरुंद केलं की हीच धार लांब जाते आणि बघणारा खूश होतो, पाणी मात्र किंचित कमीच येतं. म्हणून धार बघून पंपाचं निदान करणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

हौद, घड्याळ आणि एक बाद झालेलं पिंप

पाण्याची शक्ती काढायला दोनच गोष्टी लागतात. सेकंदाला किती पाणी येतं आणि ते किती उंच चढवलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि एक किलो वजन एक मीटर उचलायला ९.८१ ज्यूल लागतात. म्हणजे लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर गुणिले ९.८१, उत्तर वॅटमध्ये. किलोवॅट हवे असतील तर गुणाकाराला १०२ नं भागायचं. पंपाच्या दुकानात ७५ नं भागतात, तेही बरोबर आहे. मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्याच ती आहे: ७५ किलो एका सेकंदात एक मीटर वर. मोटरीच्या पाटीवरचा एचपी याहून दीड टक्का मोठा असतो, तेवढा फरक शेतात सोडून द्यावा.

सूत्र शाळकरी आहे. खरं काम असतं ते दोन आकडे बरोबर मिळवण्याचं.

प्रवाहासाठी तात्यांच्या पुतण्यानं दोनशे लिटरचं पिंप आणलं. पोरगा डिप्लोमा झालेला, हौशी. वीस लिटरचा पाण्याचा जार दहा वेळा ओतून त्यानं पिंपाला आतून खडूची खूण केली. तिथवर उत्तम. पण उसळत्या नळाला रबरी होज बांधून पाणी पिंपात घेताना निम्मं अंगावर. तीन वेळा भरलं: २६ सेकंद, २४, २७. सांडलेलं पाणी हिशेबात नाही, आणि होजमुळं नळालाही अडवणूक. दोन-तीन लिटरच्या वर प्रवाह असला की पिंप बाद, हा माझा अनुभव आहे. तरी दर वेळी लोक पिंपच आणतात, आणि मीही दर वेळी भरू देतो. एकदा अंग भिजलं की हौद मोजायला सगळे तयार होतात.

हौद आतून चौरस, दीड मीटर बाय दीड मीटर. पाटाच्या तोंडाला गोणपाट आणि चिखल कोंबला. भिंतीवर दोन खुणा केल्या, ६० सेंटिमीटर अंतरावर. खालच्या खुणेला पाणी लागलं की घड्याळ सुरू, वरच्या खुणेला बंद. दीड गुणिले दीड गुणिले ०.६ म्हणजे १,३५० लिटर. दोन मिनिटं तीस सेकंद लागले. पुन्हा केलं, दोन एकतीस. म्हणजे सेकंदाला ९ लिटर, तासाला ३२,४०० लिटर.

वीज मोजणं सोपं होतं. पंपाच्या खोलीतल्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवला आणि तासाभरानं पुन्हा बघितला: ९ युनिट, म्हणजे ९ किलोवॅट. पडताळा म्हणून क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही फेजवर १६.३ अँपिअरच्या आसपास, व्होल्टेज ३८८, पॉवर फॅक्टर ०.८२ धरला तर पुन्हा ९ किलोवॅटच. दहाच्या मोटरीनं पूर्ण भार ओढताना एवढं घ्यायलाच हवं. म्हणजे मोटर दमलेली नव्हती, ती सगळा जीव लावून चालली होती.

दाबाच्या काट्यानं दाखवलेला डोंगर

राहिली उंची. "साठ फूट चढ हाय," आबा म्हणाले. लाइन टाकताना कुणीतरी मोजली होती. साठ फूट म्हणजे १८ मीटर. ९ गुणिले १८ भागिले ७५, उत्तर २.१६. पुतण्यानं मोबाइलवर हिशेब केला आणि माझ्याकडं बघायला लागला. काठावर दहा एचपी, शेतात पोचले दोन. "बाकीचे आठ कुठं गेले?"

इथं माझंही चुकलं. नऊ युनिटांतलं पावणेदोनसुद्धा पाण्याला मिळत नसेल तर पंप झिजलाय, असंच माझ्या मनात आलं. इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) आणि वेअर रिंग (त्याभोवतीचं झिजणारं कडं) बदला, हे वाक्य ओठांवर होतं. दाबाचा काटा सोबत नसता तर ते मी बोलूनही गेलो असतो.

काटा आधी पंपाच्या तोटीवरच्या प्लगच्या जागी बसवला. मोटर बंद केली, काटा शून्यावर. चढावर नऊशे मीटर पाण्यानं भरलेली लाइन उभी असताना शून्य कसं? कारण काटा एनआरव्हीच्या, म्हणजे पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेच्या, अलीकडं होता. बंद पंपाच्या बाजूला दाब राहतच नाही, तो सगळा एनआरव्हीच्या पलीकडं अडलेला असतो. मग पलीकडच्या लोखंडी जीआय तुकड्यावर भोक पाडून, आटे मारून काटा तिथं बसवला. या खटाटोपात तास गेला, पण दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम तेच ठरलं.

आता मोटर बंद असताना काटा १.४५ किलोवर थांबला. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर पाण्याचा खांब. तर काट्यापासून हौदातल्या तोंडापर्यंत चढ साडेचौदा मीटर. टेप नको, लेव्हल नको, उभं पाणी स्वतःच उंची सांगतं. काट्यापासून खाली नदीच्या पाण्यापर्यंत टेपनं साडेतीन मीटर भरले. बेरीज १८. साठ फूट सांगणाऱ्याचं मोजमाप चोख होतं.

"आता चालू कर."

मोटरीनं वेग घेतला. काटा दोन गेला, तीन गेला, थरथरत साडेचारला जाऊन थांबला.

खोलीत कुणी काही बोललं नाही. तात्या वाकून बघत होते. मी त्यांना एवढंच म्हणालो की बंद असताना दीड आणि चालू असताना साडेचार, यातला मधला तीन किलोचा फरक कशाचा असेल ते सांगा. चढ तर तोच आहे, पाणीही तेच. फरक फक्त पाणी उभं असण्याचा आणि वाहण्याचा.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नळात घासतंय."

नेमका धरला तर तो फरक साडेतीस मीटरचा. जमिनीचा चढ १८ मीटरचा, आणि त्यावर दुसरा ३० मीटरचा एक डोंगर, जो गावात कुठंच दिसत नाही. तो नळाच्या आत आहे. मोटर सुरू केली की उभा राहतो आणि बंद केली की नाहीसा होतो. पंप बिचारा दोन्ही डोंगर चढत होता.

सक्शनच्या, म्हणजे नदीतून पाणी ओढण्याच्या, बाजूला व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याचे ३५० मिलिमीटर दाखवत होता, म्हणजे पाण्याचे पावणेपाच मीटर. डिलिव्हरीचे ४५ आणि हे मिळवून पंपासमोरचं एकूण हेड, म्हणजे त्याला चढावी लागणारी सगळी उंची, ५० मीटर. आता तेच सूत्र पुन्हा: ९ गुणिले ५० भागिले १०२, म्हणजे ४.४ किलोवॅट. पंप पाण्याला जवळजवळ सहा एचपी देत होता. मोटरीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर पंपाच्या शाफ्टवर ७.६५ किलोवॅट पोचत होते. त्यांतले ४.४ पाण्याला, म्हणजे पंपाची कार्यक्षमता ५८ टक्के. जुन्या पंपाला हे वाईट म्हणता येणार नाही. इंपेलर बदला हे वाक्य मी गिळलं.

एका तासातल्या नऊ युनिटांची वाटणी पुतण्यानं स्टार्टरच्या डब्यावर खडूनं लिहिली. मोटरीची उष्णता १.३५. पंपाच्या आतली खळबळ ३.२५. नळ, बेंड आणि फूटव्हॉल्व्ह (सक्शन नळाच्या बुडाशी असणारी झडप) यांचं घर्षण २.८. आणि पाणी शेतात चढवायला १.६. लाइनीचं घर्षण चढाईच्या पावणेदोन पट आहे हे तर दिसतंच. पण त्याहून बारीक गोष्ट अशी की घर्षणासाठी लागणारी शक्तीही पंपामोटरीतूनच यावी लागते, तिच्यावरही त्यांची कटौती होतेच. नळात २.८ जातात तेव्हा मीटरवर जवळजवळ पावणेसहा पळालेले असतात.

पाचाचे दहा कसे झाले

मग आबांनी इतिहास सांगितला. लाइन टाकली तेव्हा मोटर पाचची होती आणि ऊस पाच एकर. त्या पाण्याला तीन इंची नळ चालून गेला. पुढं भागीदार वाढले, क्षेत्र वाढलं, तशी दहाची मोटर आली. नळ तोच राहिला, कारण तो पुरलेला होता आणि वर ऊस उभा होता.

नळातलं घर्षण प्रवाहाबरोबर सरळ वाढत नाही. प्रवाह दुप्पट झाला तर घर्षण साडेतीन पटींच्या वर जातं. आणि शक्ती म्हणजे प्रवाह गुणिले हेड, त्यामुळं लाइन तीच ठेवून दुप्पट पाणी ढकलायचं असेल तर घर्षणासाठी सात पट शक्ती लागते. हिशेब मांडला तर पाचच्या मोटरीवर या लाइनीतून साधारण साडेसहा लिटर येत असणार. दहाच्या मोटरीनं नऊ आले. मोटर शंभर टक्के वाढली, पाणी अडतीस.

आता पंधराची नवी मोटर बसवली, पंपही नवा, ६५ टक्के कार्यक्षमतेचा, तर? हेड ६६ मीटरवर जातं आणि पाणी येतं ११.२ लिटर. सेकंदाला सव्वादोन लिटरच्या नफ्यासाठी दीडपट मोटर. एवढं होऊनही तात्यांनी कदाचित पंधराचीच घेतली असती. पाणी वाढतंय ना, मग झालं. त्यांना थांबवलं ते दुसऱ्या आकड्यानं. पंधरावर लाइनीच्या बुडाशी दाब सहा किलोला टेकतो. आणि नळावर छापलेलं होतं: ६ किलो. वीज अचानक गेली की उलट येणारं पाणी जो दणका देतो तो याच्या वर. दर आठवड्याला एक जोड फुटला असता, आणि तोही उभ्या उसात.

जुनी माणसं मोटेची आठवण काढतात, तशी आबांनी काढली. बैलांना सूत्र माहीत नव्हतं, पण मोटेत एक गोष्ट बरी होती, पाणी सरळ वर यायचं. समजा दीडशे लिटरची मोट, दहा मीटर खोल विहीर, एका फेरीला दीड मिनिट. हिशेब केला तर ०.२२ एचपीच्या आत-बाहेर. दोन बैलांचं पाण्यात उतरणारं काम एवढंच, पण त्यांतलं नऊशे मीटर नळाला काहीच द्यावं लागत नव्हतं. आबा म्हणाले, "आन् बिलबी नव्हतं."

उपाय निवडताना

पहिला सुचणारा उपाय चार इंची नळ. तोच ९ लिटरचा प्रवाह चार इंचीतून नेला तर साडेतीस मीटरचं घर्षण अकरावर येतं. एका इंचाचा एवढा फरक का, असं प्रत्येक जण विचारतो. घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातानं बदलतं म्हणून. दुकानात मात्र नळ इंचावर आणि मोटर एचपीवर विकली जाते, त्या दोघांचा हिशेब एका कागदावर कुणी मांडत नाही.

पण जुनी लाइन धडधाकट होती. ती सोडून का द्यायची? तिच्याशेजारी दुसरी तीन इंची टाकली आणि दोन्ही टोकांना जोडली, तर प्रत्येकीतून निम्मं पाणी. निम्म्या प्रवाहाला घर्षण पाव पटीच्या जरा वर, म्हणजे साडेआठ मीटर. नव्या चार इंचीहूनही कमी. शिवाय सहा किलोच्याच तीन इंचीला चार इंचीच्या दोन-तृतीयांश माल लागतो. वीस फुटी दीडशे नळ, एक जेसीबी आणि दोन दिवस.

तात्यांच्या डोक्यात लगेच पुढचं आलं. "मग दहाचीच मोटर ठेवू. आणखी पाणी येईल."

येईल, आणि मोटर जळेल. सेंट्रिफ्यूगल पंपाचं हे उलटं वाटणारं वागणं आहे. समोरचं हेड कमी झालं की तो जास्त पाणी फेकतो आणि भार वाढतो. पन्नास मीटरसाठी बनवलेला पंप तीसवर सोडला तर मोटर तिच्या मर्यादेबाहेर अँपिअर ओढते. व्हॉल्व्ह अर्धा आवळून तिला वाचवता येतं, पण मग नळातून काढलेला डोंगर आपणच व्हॉल्व्हमध्ये पुन्हा उभा केला. पंप बदलायलाच हवा होता, फक्त तात्यांना वाटत होतं त्याच्या उलट्या दिशेनं.

दोन लाइनी, ३३ मीटर हेड, ११.२ लिटर पाणी. किती मोटर लागेल? ११.२ गुणिले ३३ भागिले १०२, म्हणजे ३.६ किलोवॅट. ६५ टक्क्यांच्या पंपाला शाफ्टवर साडेपाचच्या जरा वर. साडेसात एचपी.

एका लाइनीवर पंधरा एचपी जे पाणी देणार होती, तेच दोन लाइनींवर साडेसातची देणार. आकडे एवढे नेमके जुळले की मीच दोनदा तपासले. पण त्यात गूढ काही नाही. हेड निम्मं झालं, म्हणून शक्ती निम्मी झाली.

साडेसात हा आकडा ऐकला आणि पुतण्याचे कान टवकारले. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, पाच वर्षांसाठी. दहावाल्याला बिल येतं. इतका वेळ मी युनिटांवर बोलत होतो तेव्हा आबा ढेकूळ फोडत बसले होते, आता तेही उठून आले. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट मी तिथंच सांगितली: वीज फुकट झाली तरी तास आठच आहेत. फुकट विजेवर घासणारं पाणीसुद्धा शेतात पोचत नाही.

आणि ती वीजही कुठून तरी पडून येते. याच नदीच्या वरच्या अंगाला, कऱ्हाडला कृष्णेत मिळणाऱ्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडं वळवलंय, सुमारे ४७५ मीटर खाली. सूत्र हेच, फक्त उलटं. एक हजार लिटर पाणी तेवढं पडलं तर नव्वद टक्के कार्यक्षमतेनं १.१६ युनिट. तात्यांच्या जुन्या पंपाला हजार लिटर चढवायला ०.२८ युनिट लागत होतं. म्हणजे १८ मीटर वर हजार लिटर नेण्यासाठी पोफळीला जवळजवळ २४० लिटर खाली सोडायचे. आदर्श यंत्र असतं तर पन्नासाच्या आतच भागलं असतं. कोयनेचं पश्चिमेला पडलेलं पाणी कृष्णेत परत येत नाही, हे काठावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

एप्रिलमधलं मोजमाप

दुसरी लाइन मार्चमध्ये पडली. ओढ्याच्या पुढं लाइनीला एक उंचवटा आहे, तिथं हवा साठते. जुन्या लाइनीला एअर व्हॉल्व्ह नव्हता, या वेळी दोन्हींना बसवला. पंप ३३ मीटरला ११ लिटर देणारा घेतला, मोटर साडेसातची. दुकानदारानं "थोडं मार्जिन ठेवून दहाची न्या" असं सुचवलंच. तात्यांनी त्याला काटा दाखवायला काठावर बोलावलं. तो आला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गोणपाट, चिखल, घड्याळ. १,३५० लिटरला दोन मिनिटं तीन सेकंद, म्हणजे ११ लिटर. हिशेबात ११.२ होते. मीटरवर तासाला साडेसहा युनिट. काटा बंद असताना १.४५, चालू असताना २.७. हजार लिटरला ०.२८ ऐवजी ०.१६ युनिट. नऊ युनिटांत १.६ चं काम होत होतं, आता साडेसहात १.९ चं होतंय. तीस टक्के. ऐकायला हे कमीच वाटतं, आणि ते कमीच आहे. सक्शनला अजून दोन मीटर फुकट जातायत, फूटव्हॉल्व्ह लहान आहे. ते काम नदी खाली गेल्यावर करायचं ठरलं.

पाळी तेरा दिवसांवरून अकरावर आली. भार कमी करून घेण्याचा अर्ज वीज कार्यालयात दिला.

काटा काढून न्यायला मी विसरलो, असं मी म्हणतो. तात्या म्हणतात त्यांनी काढू दिला नाही. मेच्या मध्यावर सकाळी सातला त्यांचा फोन.

"सर, मोटर बंद हाय आन् काटा उतरतोय. दीडावरनं निघाला, आता पॉइंट नऊवर येऊन थांबलाय."

मी विचारलं, सक्शनचा काटा?

"त्यो जाग्यावर. म्हंजे एनआरव्ही धरतोय. लायनीतच गळतंय." पलीकडून कुणाला तरी कुदळ घेऊन यायला सांगितल्याचा आवाज आला. मग परत माझ्याशी: "पॉइंट नऊ म्हंजे नऊ मीटर वर. नऊ मीटर म्हंजे ओढ्याच्या पुढचा उंचवटा, आपण एअर व्हॉल्व्ह बसिवलेला. त्याच्याच जोडात असणार बघा. निघालोच."

तासाभरानं व्हॉट्सॲपवर फोटो आला. ओला खड्डा, नळाचा सॅडल आणि त्याखाली सरकलेलं रबर.